कँटीनमधला लौतारो

नदीकाठची वाडी, पो. चिखली
५ जुलै १९७०

चि. नूरमोहम्मद यास सोजराक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या आईला, रहमतबीला, दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना मीच कंटाळले. थंडी फार आहे, जहाजाचा शाफ्ट मोडलाय, जेवायला रोज मासे. अरे, पृथ्वीच्या पार टोकाला गेलास आणि पत्र असं लिहितोस जणू खेडच्या बाजाराला गेलायस. शाफ्ट येईपर्यंत महिनोन्महिने तिथंच अडकलायस म्हणतोस, तर तिथली माणसं कशी आहेत, शेती काय करतात, भांडतात कशावरून, ते लिही. भांडणाचं आधी लिही. माझं डोकं सध्या त्यातच आहे.

आता इथलं. नानासाहेबांनी नदीकडची जमीन कंपनीला विकली, ते तू जाण्याआधीच ठरलं होतं. विकली तर विकली, त्यांची होती. पण कंपनीनं तिच्याभोवती भिंत घातली आणि आपली नदीची वाट भिंतीच्या पोटात गेली. ती वाट कुणाच्याच नावावर नव्हती, म्हणून कुणी विचारलंही नाही. आता धुणं घेऊन जायचं तर सडकेनं मोठा वळसा. धुणं एक वेळ घरी धुवू. पण माझी मळई? पूर ओसरला की काठावर जो गाळ राहतो त्यावरच माझी वांगी, माझी कलिंगडं. मालक गेल्यापासून मी दुसऱ्या कुणापुढं हात पसरला नाही तो त्या गाळाच्या जिवावर. दिवाळीपर्यंत वाट उघडली नाही तर यंदाची लावणी बुडाली. टोपलीभर वांगी डोक्यावर घेऊन सडकेनं रोज कोण जाणार? माझे गुडघे तर आत्ताच नाही म्हणतात.

म्हणून मी काय केलं ऐक. बायका खंडोबाच्या देवळात जमल्या होत्या. माझी जाऊ कस्तुरा म्हणाली, "सोजरे, दम धर. आधी इचार करू." मी म्हटलं, "इचार तू कर, भंडारा मी उचलते." आणि बेलभंडारा उचलून मोठ्यांदा म्हटलं, नदीची वाट उघडेपर्यंत या वाडीचं कुणी कंपनीच्या फाटकातून आत पाऊल टाकणार नाही. दूध नाही, भाजी नाही, मजुरी नाही. माझ्यामागून सगळ्यांनी उचलला. तुझी आई पायरीखाली उभी होती, तिनं आपल्या पीराची आण घेतली. आवाज माझाच सगळ्यात मोठा होता. तो नेहमीच असतो, त्यात नवल नाही.

तुझी पान्यांची पेटी आई खाटेखालून काढते, एकेका पान्याला गोडंतेल लावते आणि परत ठेवते. मी म्हटलं, "अगं, पोराच्या डोक्याला तरी इतकं तेल लावलंस का?" तर रडायला लागली. माझं तोंड असं आहे.

तुझी,
सोजराक्का

*

तालकावानो बंदर, चिली
२ ऑगस्ट १९७०

सोजराक्कास नूरमोहम्मदचा सलाम. अम्मीला कदमबोसी.

अक्का, तुझ्या शिव्या पोचल्या. जहाजावर बसून वाचल्या, फार बरं वाटलं.

तू भांडणाचं लिही म्हणालीस. मग ऐक. गोदीत माझ्याबरोबर मेलिन नावाचा एक वेल्डर काम करतो. ठेंगणा, रुंद, बोलायला कंजूष. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला नाही. आमच्या जहाजावरचा गोव्याचा भंडारी, म्हणजे खलाशांचा आचारी, कायतान मध्ये बसतो आणि त्याला येतं तेवढं सांगतो. मी मेलिनला म्हटलं, तू चिलीचा का? तर त्यानं मान हलवली. म्हणाला, मी मापुचे. त्यांच्या भाषेत मापुचे म्हणजे जमिनीची माणसं.

चारशे वर्षांपूर्वी इथं स्पेनचे लोक आले. वर उत्तरेला त्यांनी मोठमोठी राज्यं चुटकीसरशी घेतली होती. इथंही किल्ले बांधले, गावं वसवली, माणसं धरून खाणीत घातली. मापुचेंनी घोडा कधी बघितला नव्हता. स्पेनवाले घोड्यावरून येत आणि हे पायी पळत. मग लौतारो नावाचा एक गडी त्यांच्या हाती लागला. त्यांच्या मोठ्या साहेबानं त्याला तबेल्यात ठेवला. हा खाली मान घालून खरारा करायचा, चारा घालायचा आणि सगळं बघायचा. घोडा कशानं दमतो, चिखलात कसा घसरतो, उतरलेल्या स्वाराची काय गत होते. एक दिवस पळाला तो आपल्या माणसांत. पुढच्या लढाईत साहेब गेला, साहेबाची फौज गेली. मागून मापुचे असे घोडेस्वार झाले की स्पेनवाल्यांना घाम फुटला.

इथं बियोबियो नावाची नदी आहे, या बंदरापासून लांब नाही. तिच्या रुंदीत आपल्या इंद्रायण्या पाच-दहा मावतील. शेवटी स्पेनला कबूल करावं लागलं की नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तुम्ही.

मेलिन सांगतो त्यात इतिहास किती आणि त्याच्या आजीचं किती, मला ठाऊक नाही. पण तुझ्या भिंतीचं मी त्याला सांगितलं. हातातलं काम ठेवून त्यानं ऐकलं. रोज विचारतो, तुझ्या बहिणीची नदी मिळाली का?

तुझा भाऊ,
नूर

*

नदीकाठची वाडी
३० ऑगस्ट १९७०

चि. नूर यास आशीर्वाद.

आता कसं! असं पत्र लिहावं. रहमतबीनं लौतारोचा भाग तीनदा वाचायला लावला. म्हणाली, "माझा नूर बी तसाच, गप ऱ्हाऊन सगळं बघणारा." तू गप्प राहिलेला मला आठवत नाही, पण आईपुढं काय बोलायचं.

तुझ्या मेलिनला सांग, आमच्याकडेही एक लौतारो आहे. म्हणजे आम्ही एक माणूस आत घातलाय. कोण ते विचारू नकोस. पत्रं चार हातांतून जातात. फारूकच्या दुकानात टपालाची पिशवी उघडते आणि फारूकच्या पोटात काही राहत नाही.

आतली खबर अशी की कंपनीत तीनशे माणूस आहे आणि त्यांचं जेवण अगदी भिकार होतं. आचारी पळून गेलेला. त्याच्या जागी जो उभा केला होता त्यानं डाळ करपवली आणि वर पाणी ओतलं. करपलेल्या डाळीत पाणी! हिंग नाही, मोहरी तडतडेपर्यंत थांबायचं नाही. पोरं बिचारी यंत्रापाशी उभी राहून येतात आणि असलं गिळतात. आमच्या माणसानं ते बघितलं आणि त्याला राहवलं नाही, असं तो सांगतो. आता जरा सुधारलंय म्हणे.

तिथला मोठा साहेब मधुसूदन म्हणून आहे. पुण्याचा, बारीक, चष्मेवाला, पोटाचा त्रास. माणूस वाईट नाही. वाटेचं कुणी काढलं की म्हणतो, "वरिष्ठांना कळवतो." वरिष्ठ कुठं बसतात देवाला माहीत, पण फार उंचावर बसत असावेत, कारण तिथून खाली काही येत नाही.

वाडीच्या बाजूची भिंत नदीच्या टोकाला अजून अपुरी आहे. पावसानं काम थांबलंय. तिथं खिंडार आहे, माणूस वाकून जाईल एवढं. आमचा माणूस तिथूनच जातो. म्हणजे फाटकातून कुणीही गेलेलं नाही, हे ध्यानात घे. शपथ शाबूत आहे.

मला दोन गोष्टी सांग. तो लौतारो तबेल्यात असताना त्याला घोड्याचा लळा लागला होता का? आणि शेवटी त्या मापुचेंचं काय झालं? जिंकले ना?

सोजराक्का

*

तालकावानो
२७ सप्टेंबर १९७०

सोजराक्कास सलाम.

अक्का, तुझा लौतारो इथं गोदीत गाजतोय! मेलिननं आणखी दोघा मापुचेंना सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत तिघे येऊन बसतात आणि कायतान त्यांना तुझं पत्र ऐकवतो. त्यांना डाळ म्हणजे काय ते कळत नव्हतं. कायताननं मसूर शिजवून करपवून दाखवली. आता त्यांनाही कंपनीचा राग आलाय.

लळ्याचं मी मेलिनला विचारलं. त्यानं हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाला, "लागलाच असेल. त्याशिवाय घोडा कळत नाही."

आता एक कामाचं सांगतो. स्पेनवाल्यांची मोठी अडचण काय होती ठाऊक आहे? उत्तरेत त्यांनी राजा धरला आणि राज्य खिशात घातलं. इथं राजाच नव्हता! दर खोऱ्याचा आपला म्होरक्या. लढाई असेल तेवढ्यापुरता एक मोठा सरदार निवडायचा, लढाई संपली की तोही आपल्या शेतावर. धरायचं कुणाला? आणि सही कुणाची घ्यायची? एकानं कबूल केलं तर दुसरा म्हणायचा, मी कुठं होतो?

म्हणून स्पेनवाल्यांना सीमेवर मोकळ्या रानात सभा भरवाव्या लागत. हजारो मापुचे यायचे. दिवसचे दिवस चालायचं. प्रत्येक म्होरक्या उठून भाषण करायचा, आणि ही माणसं भाषणाला कंटाळत नाहीत. तेवढे दिवस सगळ्यांचं खाणंपिणं स्पेनच्या राजाच्या खर्चानं. वर भेटी. काही वर्षांनी काहीतरी बिनसायचं आणि पुन्हा सभा, पुन्हा जेवण. मेलिन म्हणतो, आमच्या आजोबांनी स्पेनला लढाईत दमवलं त्याहून जास्त सभांत दमवलं.

शेवटाचं पुढच्या खेपेला लिहितो.

जाता जाता, अम्मीनं फारूककडून एक कार्ड लिहून घेतलंय, ते मिळालं. त्यात एक वाक्य आहे ते मला उमगलं नाही. "सोजरच्या लुगड्याला हल्ली तीनशे माणसांच्या फोडणीचा वास येतो." हे काय प्रकरण आहे, अक्का?

नूर

*

नदीकाठची वाडी
८ नोव्हेंबर १९७०

चि. नूर यास,

तुझं ते पत्र मी तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवत होते. तोंडात पान होतं. वाचता वाचता लुगड्याच्या वाक्यावर आले आणि थांबले. रहमतबी पानाला चुना लावत म्हणाली, "वाच की. अडलीस का? जोडाक्षर हाय का?" दोन महिने ती मला ओळखून होती आणि मी तुला लिहिलेलं खोटं पत्रही तिला वाचून दाखवलं होतं!

तर ऐक. लौतारो मीच. घोडा वगैरे काही शिकायला गेले नव्हते. तुझं पत्र यायच्या आधीच गेले होते, साहेबाला शिव्या द्यायला. खिंडारातून शिरले ती नेमकी कँटीनच्या मागच्या दाराशी. आत तो गाढव डाळीत पाणी ओतत होता. शिव्या राहिल्या बाजूला, मी त्याच्या हातातून डाव हिसकावून घेतला. "सरक" म्हटलं. त्या दिवशी पोरांनी परत परत वाढून घेतलं. एकजण "मावशी, आईची आठवण झाली" म्हणाला आणि झालं, माझ्यातली लढवय्यी तिथंच आडवी पडली. दुसऱ्या दिवशी परत गेले. मग तुझं लौतारोचं पत्र आलं आणि मला माझ्या चोरीला चांगलं नाव मिळालं. दुष्मनाचा घोडा बघायला गेले आणि त्याला खाऊ घालत बसले, अशी मी.

आता खरी फजिती. साहेबानं निरोप धाडला, वाटेचं बोलायला वाडीतला एक जबाबदार माणूस पाठवा, कागदावर सही करेल असा. सरपंच मारुतराव टोपी झटकून तयार. ते सही कशावरही करतात. मी म्हटलं, थांबा! आमच्यात राजा नाही. सगळी वाडी येईल, जो तो बोलेल, आणि फाटकाच्या आत कुणी येणार नाही, साहेबानं बाहेर यावं. वाडीला पटलं. कस्तुरासुद्धा म्हणाली, "आज पयल्यांदा शहाण्यावानी बोललीस." ते शहाणपण चिलीहून आलंय हे मी सांगितलं नाही.

आणि कँटीनमध्ये साहेब मला म्हणतो, "सोजरबाई, वाडीची माणसं यायची आहेत. चहा ठेवा." माझी जीभ! मी म्हटलं, "चहावर वाडी उठायची नाही, साहेब. जेवण घाला, मग तुमचं ऐकतील." तो म्हणाला, "बरं, करा मग." म्हणजे तहाचं जेवण मागणारी मी, रांधणारी मी आणि बाहेर पंगतीत फाटकाकडं पाठ करून रुसून बसणारीही मीच.

सकाळी भाकऱ्या, वांग्याची भाजी, काळ्या मसाल्याची आमटी, सगळं उरकलं. खिंडारातून बाहेर आले, मागून फेरा घेतला, तोंड पुसलं आणि सडकेवरच्या लिंबाखाली वाडीत मिसळले. साहेब खुर्ची घेऊन बाहेर आला. मग भाषणं! नूर, तुझे मापुचे हरतील. कस्तुरा बोलली, तिची सून बोलली. तुझी आई हज केल्यासारखी गंभीर उभी राहून बोलली. आबाजी गुरवानं तर नदी पहिल्यांदा कशी वाहू लागली तिथपासून धरलं. उन्हं डोक्यावर आली. साहेबानं दोनदा घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडलं.

शेवटी फाटकातून पातेली बाहेर आली. कंपनीची पोरं वाढायला. मी शेवटच्या टोकाला, पदर पुढं ओढून. कस्तुरानं आमटीचा एक घोट घेतला. थांबली. दुसरा घेतला. आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मिरं जास्त, धीर कमी. ही सोजरीची आमटी हाय."

एवढ्यावर भागलं असतं. पण साहेब बिचारा खूश होऊन म्हणाला, "त्यांचीच आहे! गेले तीन महिने तीनशे माणसं त्यांच्याच हातचं खातायत. माझं पोटसुद्धा बरं झालं."

सगळी पंगत माझ्याकडं वळली. मी पदर आणखी पुढं ओढला.

"सोजरे," कस्तुरा म्हणाली, "भंडारा पयला कुणी उचलला व्हता गं?"

मी म्हटलं, "फाटकातून न्हाई गेले. खिंडारातून गेले." हे मी स्वतःला तीन महिने सांगत होते तेव्हा फार पटत होतं. तोंडातून बाहेर पडलं आणि लहान पोरंसुद्धा हसली.

तेवढ्यात तुझी आई म्हणाली, "म्हंजे खिंडार हाय. म्हंजे वाट हाय!"

साहेब गडबडून म्हणाला, "खिंडार? ते उद्या बुजवणार आहेत. गवंडी सांगितलाय."

आणि नूर, ज्या कस्तुरानं मला आत्ताच सोलून काढलं होतं ती पत्रावळीवरून उठली, कमरेला हात लावून म्हणाली, "बुजवा की. आमचं काय जातंय? पण ही बया फाटकातून यायची न्हाई, आण घेतलीय तिनं. उद्यापास्नं आमटी भिंतीवरून मागवा."

वाढायला आलेली पोरं पातेली हातात धरून साहेबाकडं बघायला लागली. साहेबानं पोटावर हात ठेवला. मी गप्प होते. आयुष्यात पहिल्यांदा, आणि नेमकी तेव्हाच बाजी मारली गेली.

ठरलं असं की खिंडाराच्या जागी लाकडी दार बसवायचं, नदीची वाट पूर्वीसारखी, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत उघडी. दाराला कुलूप नको, हे सगळ्यांनी मिळून सांगितलं. सही कुणी करायची यावर परत भाषणं झाली. शेवटी कुणीच केली नाही.

दार बसलं. मळई लावली. रोपं धरली आहेत.

मला शिक्षा झाली. चंपाषष्ठीला हातात कोटंबा, खंडोबाचं भिक्षेचं भांडं, घेऊन पाच घरी पीठ मागायचं, पहिलं घर कस्तुराचं. ज्या बाईनं कुणापुढं हात पसरला नाही म्हणून मी तुला पहिल्या पत्रात ऐकवलं, ती हीच. मेलिनला काय सांगायचं ते तू ठरव. आणि शेवट लिही. मागं विचारलं तेव्हा टाळलंस. मी अडाणी असले तरी टाळणं मला कळतं. तीन महिने मी तेच करत होते.

सोजराक्का

*

तालकावानो
१० डिसेंबर १९७०

सोजराक्कास सलाम.

मेलिन इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाला, आमच्या लौतारोला स्वयंपाक येत असता तर लढाई लवकर संपली असती.

शेवट मी टाळला, खरं आहे. तुझी वाट उघडेपर्यंत लिहायचा नाही असं ठरवलं होतं. तू हात खाली टाकशील अशी भीती वाटली. तुला ओळखत असूनही वाटली, माफ कर.

स्पेनला मापुचे हरले नाहीत. जवळजवळ तीनशे वर्षं नदी राखली. मग स्पेन गेलं. या देशाचं आपलं सरकार आलं, आपलं निशाण आलं. सगळ्यांना वाटलं, आता परके गेले. आणि मग त्या आपल्या सरकारनं चाळीस-पन्नास वर्षांनी आगगाडी आणली, तारायंत्र आणलं, नव्या बंदुका आणल्या आणि स्पेनला तीनशे वर्षांत जमलं नाही ते वीसेक वर्षांत केलं. नदी ओलांडली. जमीन मोजली, वाटली, विकली. मापुचेंना जागोजाग लहान लहान तुकडे दिले आणि सांगितलं, इथं राहा. मग शेजारच्या जमीनदारांची कुंपणं दरवर्षी हातभर त्या तुकड्यांतही सरकू लागली. मेलिनच्या बापाची निम्मी जमीन अशी कुंपणाच्या पोटात गेली. म्हणून हा गोदीत वेल्डिंग करतो.

मी विचारलं, तुमच्या सभा, तहनामे, त्यांचं काय झालं? तो म्हणाला, "ज्यांच्याशी जेवलो ते गेले. नवे आले त्यांनी विचारलं, कुठलं जेवण?"

गेल्या आठवड्यापासून मेलिन कामावर नाही. दक्षिणेला त्याच्या गावाकडे मापुचे जमून कुंपणं उपटतायत आणि जुन्या जागी नेऊन रोवतायत, म्हणे. निघताना माझ्याकडून मोठी पक्कड मागून नेली. मी परत कधी देणार म्हणून विचारलं नाही.

अक्का, तुझा मधुसूदनसाहेब भला आहे. पण साहेब बदलतात. दाराचं जपून.

शाफ्ट आला. फेब्रुवारीत जहाज निघेल. अम्मीला सांग, उन्हाळ्यात घरी येतो.

नूर

*

नदीकाठची वाडी
१७ जानेवारी १९७१

चि. नूर यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या शेवटानं रहमतबी रडली. मी नाही रडले. मला राग आला, आणि आला तो तुझ्यावरच. हात खाली टाकेन? मी? माझ्या हाताला तोंडासारखीच सवय आहे, विचारायच्या आधी चालतो.

आधी शिक्षेचं सांगते. चंपाषष्ठीला कोटंबा घेऊन कस्तुराच्या दारात उभी राहिले. ती मुद्दाम आत भांडी घासत बसली. मी म्हटलं, "कस्तुरे, पीठ घाल." आतून म्हणाली, "कोण हाय? लौतारो का?" म्हणजे तुझी पत्रं तुझ्या आईनं साऱ्या वाडीला सांगितली आहेत. आता पोरंटोरं मला लौतारोकाकी म्हणतात. पीठ मात्र कोटंबा भरून घातलं. वर डोळे पुसले आणि म्हणाली, "चुलीचा धूर." चूल विझलेली होती.

आता तुझ्या मेलिनचं बोलणं कसं खरं ठरलं ते. मधुसूदनसाहेबाची बदली झाली. नवा आला, तरुण, गोरा, घाईचा. त्याला कुणी जेवणाचं सांगितलं तर म्हणाला, "कुठलं जेवण?" शब्द न शब्द तेच रे! दुसऱ्या दिवशी दाराला आतून कडी आणि कडीला कुलूप. माझी कलिंगडं पलीकडं, फुलावर आलेली, पाण्यावाचून.

देवळात पुन्हा बायका जमल्या. कस्तुरानं बेलभंडाऱ्याचं ताट माझ्यापुढं सरकवलं. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मी दोन्ही हात मागं घेतले. म्हटलं, "माझ्या शपथेचं काय होतं ते बघितलंत. शपथ नको. रहमतबी, ती पेटी आण."

तुझी पान्यांची पेटी आली. गोडंतेलानं सगळं चकचकीत, एकालाही गंज नाही. कुलपाला आम्ही हात लावला नाही. ते कंपनीचं, त्यांचं त्यांना लखलाभ. पण बिजागऱ्या वाडीच्या बाजूला होत्या. सुतारानं त्या का अशा बसवल्या ते मला माहीत नाही, आणि त्याला मी दिवसभर आमटी वाढत होते याचा त्याच्याशी काही संबंध नाही. कोणता पाना कुठं लागतो ते तुझ्या आईलाच ठाऊक. तू लहानपणी मागायचास ना, "अम्मी, तेरा नंबर दे"? तिनं हात घातला तो बरोबर त्याच पान्यावर. भर दुपारी, पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत आम्ही दार उतरवलं. तो म्हणाला, "मावशी, काय करता?" मी म्हटलं, "दार दुरुस्तीला काढलंय. भाकरी खाल्लीस का?"

दार आता नदीच्या चिखलावर आडवं टाकलंय. त्यावर बसून बायका धुणं धुतात. कुलूप अजून कडीला लटकतंय, धुण्याच्या पाण्यानं जरा गंजलंय. नवा साहेब येऊन बघून गेला. त्यानं विचारलं, "हे कुणी केलं? तुमचा प्रमुख कोण?" एकेकीनं उठून भाषण सुरू केलं. आबाजीला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तो नदीच्या उगमापर्यंत पोचायच्या आत साहेब निघून गेला. त्याच्या पानात त्या दिवशी मी मिरं जरा कमी घातलं. पोर आहे.

दुसरं दार बसवतीलही. बसवूदेत. पेटी आता खाटेखाली नसते, उंबऱ्याशी असते.

मेलिन भेटला तर त्याला म्हणावं, पक्कड परत देऊ नकोस, लागेल. आणि कुंपण हललं की नाही ते कळव. इथं पाणवठ्यावर रोज विचारतात.

येशील तेव्हा सडकेनं येऊ नकोस. नदीच्या वाटेनं ये. पहिलं कलिंगड तुझ्यासाठी राखते, पण लवकर ये, मला थांबणं जमत नाही.

तुझी,
लौतारोकाकी